प्रदर्शन आहे, पण फोटोंखाली ओळ नाही

महाराष्ट्र दिनाचा महोत्सव म्हणजे नुसती लावणी आणि झुणका-भाकरीचे स्टॉल, हे तुमचं म्हणणं अर्धं पटलं. झुणका-भाकरीवर माझा राग नाही, रांगेत मीही असतो. माझी तक्रार वेगळी आहे. २०१० साली राज्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हा दादरला एक फोटोंचं प्रदर्शन पाहिलं होतं. संयुक्त महाराष्ट्र चळवळीचे नेते अत्रे, एसेम जोशी, डांगे एका व्यासपीठावर, समोर माणसंच माणसं. खाली फक्त ‘विराट सभा’. कुठली, कधीची, काही नाही! शेजारी एक आजोबा काचेवर बोट टेकवून नातीला सांगत होते, "हे फ्लोरा फाउंटन, इथे गोळीबार झाला." ती २१ नोव्हेंबर १९५५ची गोष्ट, मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्या मोर्चावरच्या गोळीबाराची. आजोबा नसते तर पोरीला काय कळलं असतं?

शिवाजी पार्कचं संचलन जरूर बघा, पण त्याआधी सकाळी हुतात्मा चौकात, म्हणजे त्याच फ्लोरा फाउंटनला, जाऊन या. मशाल धरलेले शेतकरी-कामगारांचे पुतळे रोज बसमधून दिसतात, उतरतं कोण? आणि हो, १ मे १९६०ला गुजरातही वेगळं झालं. मुंबईतल्या गुजराती शेजाऱ्यांकडच्या त्या काळच्या आठवणीही अशा प्रदर्शनात यायला हव्यात. आमच्या चाळीत दोन्हीकडचे किस्से ऐकलेत, एकही जुळत नाही.