पाइपलाइन कंपनीला एक कोटीचा दंड : धाक की चिल्लर?

खाडीपलीकडचा (मूळ धागा)

ठाणे-बेलापूर रस्त्याने जा, नाहीतर शिळफाट्यावरून पनवेलकडे वळा. कडेला इशाऱ्याचे बुटके खांब दिसतात. त्यांच्याखाली मीटर-सव्वा मीटरवर कुठे डिझेल, कुठे एलपीजी, कुठे नैसर्गिक वायू वाहतोय. या नळ्यांवर सरकारचा वचक किती, हे आपण इथल्यांनी नाही विचारायचं तर कोणी?

कागदावर वचक भरपूर आहे. २००६ च्या कायद्याने पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ, म्हणजे पीएनजीआरबी, आलं. शहर गॅस, मोठ्या वायुवाहिन्या, पेट्रोलियम वाहिन्या अशा प्रत्येक प्रकारासाठी मंडळाचे तांत्रिक व सुरक्षा मानकांचे वेगळे नियम आहेत, आपत्कालीन आराखड्याचे २०१० पासून आहेत. कलम २८ म्हणतं, मंडळाचा आदेश मोडला तर दर उल्लंघनाला कमाल एक कोटी, आणि मोडतच राहिलात तर रोज कमाल दहा लाख.

आता ग्यानबाची मेख. नियम पाळले जातात का हे पाहणारी त्रयस्थ संस्था मंडळाच्या यादीतली असते खरी, पण तिला नेमते कंपनी आणि बिलही कंपनीच भरते. मंडळ दिल्लीत, जिल्ह्यात त्याचं कार्यालय नाही. दुसरीकडे ओआयएसडी, म्हणजे तेल उद्योगाचं सुरक्षा संचालनालय, १९८६ पासूनचं. मानकं उत्तम लिहितं. पण ते पेट्रोलियम मंत्रालयाखाली, तिथले अधिकारी बहुतेक तेल कंपन्यांतून प्रतिनियुक्तीवर आलेले, आणि त्याच्या सुरक्षा परिषदेत मंत्रालयाच्या सचिवांच्या शेजारी कंपन्यांचेच प्रमुख. सासरा परीक्षक आणि जावई उमेदवार!

कागद कसा हिरवा होतो ते बघा. जमिनीतली पोलादी नळी गंजू नये म्हणून तिला बाहेरून थोडा डीसी करंट देतात, ते कॅथोडिक प्रोटेक्शन. साधारण दर किलोमीटरला टेस्ट पोस्ट असते, त्यात नळीला जोडलेली तार वर आणलेली. माणूस कॉपर सल्फेटचा इलेक्ट्रोड ओल्या मातीत टेकवतो, मल्टिमीटरचं एक टोक त्याला, दुसरं तारेला, आणि आकडा लिहितो. निकष उणे ८५० मिलिव्होल्ट किंवा त्याहून जास्त उणे. पण करंट चालू असताना मोजलं तर मातीच्या रोधामुळे पडणारं व्होल्टेजही त्या आकड्यात मिसळतं. खरा आकडा करंट तोडल्याच्या पुढच्या क्षणाचा. त्यासाठी त्या पट्ट्यावर परिणाम करणारे सगळे रेक्टिफायर, म्हणजे हा डीसी करंट देणारे संच, जीपीएसच्या घड्याळावर जुळवून, समजा १२ सेकंद चालू, ३ सेकंद बंद, असे चालवावे लागतात. 'ऑन' उणे १३५० आणि 'ऑफ' उणे ७९० ही जोडी मुळीच अशक्य नाही. वहीत फक्त ऑन लिहिला की पास. खाडीकाठच्या जमिनीत तर हे हमखास.

म्हणून माझं म्हणणं: मंडळाने प्रमाणपत्रं मागणं सोडून कच्चे आकडे मागावेत आणि जाहीर करावेत. त्रयस्थ संस्थेचं बिल मंडळाने भरावं, मग कंपनीकडून वसूल करावं. आणि दंडाची मर्यादा वाढवावी. लांब वाहिनीत एकदा इंटेलिजंट पिग, म्हणजे आतून नळी तपासत जाणारं यंत्र, सोडायचं कंत्राटच कोटींत जातं, तिथे एक कोटी म्हणजे चिल्लर.

मुरूम_माती

आधी एक चूक दुरुस्त करतो. खाडीकाठचा खारट चिखल वीज उत्तम वाहून नेतो, त्यामुळे तिथे ऑन आणि ऑफमधला फरक कमी पडतो. तुम्ही सांगताय ती फसगत पारसिकच्या बाजूला, मुरूम आणि कातळात, आणि तीही मे महिन्यात जमीन वाळलेली असताना. खाडीत दुखणं वेगळं आहे. तिथल्या बिनहवेच्या काळ्या चिखलात सल्फेटवर जगणारे जिवाणू असतात, म्हणून ८५० पुरत नाहीत, ९५० धरतात. म्हणजे 'ऑफ उणे ८७०' हा आकडा मुरमात पास आणि चिखलात नापास. उद्या तुम्ही कच्चे आकडे जाहीर केलेत तर ते वाचणार कोण?

आता मुद्द्याचं. शहरात नळीचा जीव घेतो तो जेसीबीचा दात. गॅसची पिवळी एमडीपीई, म्हणजे प्लास्टिकची, नळी रस्त्याखाली साधारण मीटरभर खोल, दाब ४ बार, वर फूटभरावर इशाऱ्याची पट्टी. बकेट पट्टीसकट सगळं उचलते. सरळ फुटली तर एका अर्थी बरं, कारण आवाज होतो, धूळ उडते, कोणीतरी फोन करतं. पथक येतं, व्हॉल्व्ह बंद करतं, दोन्ही बाजूंना खड्डा घेऊन नळी स्क्वीझ करतं, म्हणजे चिमटून गॅस अडवतं, स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून ओलं फडकं गुंडाळून जमिनीला टेकवतं, तुकडा कापून इलेक्ट्रोफ्यूजन कपलरने, म्हणजे विजेने तापून चिकटणाऱ्या जोडाने, जोडतं आणि कपलर पूर्ण गार होईपर्यंत दाब देत नाही. वाईट प्रकार दुसरा. नळीला ओरखडा जातो, ऑपरेटर गपचूप माती लोटतो. पोलादी नळी असेल तर कोटिंग सोललेलं, पोचा पडलेला, त्यात चर. तो दोन-चार वर्षांनी तडकतो. प्लास्टिकची असेल तर मंद गळती मातीतून गटारात शिरते, आणि जाता जाता वासाचं मरकॅप्टन माती शोषून घेते. गॅस पोचतो, वास पोचत नाही.

या ऑपरेटरला तुमचं कलम २८ काय करणार? मंडळ रस्त्याच्या ठेकेदाराला आदेश काढत बसत नाही. १९६२ चा पाइपलाइन कायदा नळी मुद्दाम तोडणाऱ्याला शिक्षा देतो, पण 'मुद्दाम' सिद्ध करावं लागतं. 'दिसली नाही साहेब' म्हटलं की संपलं.

खड्डा_परवाना

ठेकेदाराला झोडपणं सोपं आहे, पण त्याच्या हातात येणारा नकाशा कोणी पाहिलाय? नळी टाकली तेव्हाच्या ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं 'रस्त्याच्या कडेपासून १.८ मीटर'. मधल्या काळात रस्ता रुंद झाला, फूटपाथ सरकला, गटार नवीन आलं. आता कड कुठली धरायची? घोडबंदर रोडची कड गेल्या काही वर्षांत किती वेळा हलली ते मेट्रोच्या पत्र्याआडून जाणाऱ्या कुणालाही विचारा. १.८ चे सहज ४ मीटर होतात. पोलादी नळी लोकेटरने सापडते. प्लास्टिकची सापडत नाही, सोबत तार टाकलेली नसेल तर शोधक यंत्र तिच्यावरून मुकाट निघून जातं.

उपाय आहे आणि स्वस्त आहे. मशीन लावायच्या आधी, कंपनीचा माणूस समोर उभा असताना, दर पंधरा-वीस मीटरला हाताने आडवा चाचणी खड्डा घ्यायचा, नळी डोळ्यांनी दिसेपर्यंत. मग तिच्या दोन्ही बाजूंना मीटरभर मशीन बंद. पण परवाना हातात येतो जानेवारी-फेब्रुवारीत आणि पावसाळ्याआधी खोदकाम आटपायचं असतं. हाताने खोदायला वेळ कोण देतो? निविदेत त्याचा दरही नसतो.

जुना_डोंबिवलीकर

एकाच खड्ड्यावर हक्क सांगायला महापालिका, सिडको, एमआयडीसी, एमएमआरडीए, पीडब्ल्यूडी, महावितरण. नळी फुटली की खड्डा कोणाचाच नाही. चालू द्या.

खाडीपलीकडचा

@मुरूम_माती, चिखलाचं मान्य, चूक माझी. पण तुमच्याच दुरुस्तीने माझा मुद्दा पक्का होतो. जमिनीप्रमाणे निकष बदलतो, म्हणजे 'पास' एवढाच शिक्का निरर्थक. आकडा आणि तिथली माती, दोन्ही हवं. वाचणारे निघतात. तुम्ही वाचलाच की माझा.

जेसीबी हे शहरातलं मोठं कारण, वाद नाही. पण नळी फुटण्याआधी कंपनीला माहीत असतं, अशी कारणंही आहेत. आंध्रातल्या नगरमला २७ जून २०१४ च्या पहाटे गेलची १८ इंची वायुवाहिनी फुटली, वीसहून जास्त माणसं गेली. तिथे जेसीबी नव्हता. कोरड्या वायूसाठी बांधलेल्या नळीतून पाणी आणि कंडेन्सेट (वायूतून सुटणारं द्रव तेल) मिसळलेला वायू जात होता, नळी आतून गंजली. आतल्या गंजावर बाहेरचं कॅथोडिक प्रोटेक्शन काही करत नाही, हे पहिल्या वर्षाचा इंजिनिअरही सांगेल. वायूतल्या पाण्याचा आकडा रोज कुणाच्या तरी टेबलावर असतो.

कॅलिफोर्नियातलं सॅन ब्रुनो, ९ सप्टेंबर २०१०. तीस इंची नळी, १९५६ सालची, आठ माणसं गेली. कंपनीच्या नोंदीत नळी विनाजोड होती. जमिनीतून निघाली ती शिवण वेल्ड केलेली आणि वेल्ड अर्धवट. फुटल्यावर गॅस बंद करायला ९५ मिनिटं लागली. राज्याच्या नियामकाने २०१५ मध्ये १.६ अब्ज डॉलरचा दंड लावला. मी धाक म्हणतो तो असा.

मुरूम_माती

त्या १.६ अब्जातले ८५ कोटी डॉलर सरकारजमा झाले नाहीत. ते कंपनीने स्वतःच्या वाहिन्यांच्या सुरक्षेवर खर्चायचे होते, आणि ४० कोटी ग्राहकांना परत. त्याला मी दंड म्हणणार नाही, सक्तीची दुरुस्ती म्हणेन, आणि तिला माझा पाठिंबा आहे. आपल्याकडे दंड वाढवला तर काय होईल? बहुतेक मोठ्या वाहिन्या सरकारी कंपन्यांच्या. सरकारने सरकारला दंड करायचा, पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात. वर लाईन वॉकर, म्हणजे वाहिनीवरून चालत पाहणी करणारे, आणि साइट इंजिनिअर ओरखडा कळवायचे थांबतील, कारण कळवला की उल्लंघन. विमानवाहतुकीत किरकोळ चूक स्वतः कळवणाऱ्याला सहसा शिक्षा करत नाहीत, ते उगाच नाही.

तारेखालची

दोघेही ज्या नियमावर बोट ठेवून भांडताय, तो पूर्ण पाळूनही नळी भोकं पडून जाऊ शकते. कळवा उपकेंद्रातून निघणाऱ्या अतिउच्च दाबाच्या तारा आणि जमिनीतल्या वाहिन्या कित्येक ठिकाणी एकाच पट्ट्यातून समांतर जातात, कारण मोकळी जागा तेवढीच. त्या तारांमुळे नळीत एसी व्होल्टेज उपजतं. सर्रास धरली जाते ती मर्यादा १५ व्होल्ट. ती आहे टेस्ट पोस्टला हात लावणाऱ्या माणसासाठी. पोलादासाठी नव्हे.

गणित करून बघा. कोटिंगला एक चौरस सेंटीमीटरचं छिद्र, म्हणजे व्यास ०.०११३ मीटर. करंटची घनता = ८ × व्होल्ट ÷ (मातीचा रोध × ३.१४ × व्यास). व्होल्टेज फक्त ५ आणि खाडीच्या मातीचा रोध ५ ओहम-मीटर धरला तर उत्तर सुमारे २२५ अँपिअर प्रति चौरस मीटर. ३० च्या खाली सहसा भीती नसते, १०० च्या वर एसीमुळे गंज धरूनच चालतात. म्हणजे मर्यादेच्या एक तृतीयांशावर, पास होऊन, भोक. मुरमात रोध १०० धरा, तेच ५ व्होल्ट ११ अँपिअर देतात, बिनघोर. त्यात गंमत अशी की नवं कोटिंग जितकं चांगलं तितकी छिद्रं कमी आणि लहान, आणि छिद्र लहान तितकी घनता जास्त. डीसी करंट वाढवून हे बरं होत नाही, उलट खूप वाढवला तर बिघडतं. नळी जस्ताच्या पट्टीने मधे डीसी अडवणारा डिकपलर घालून अर्थ करावी लागते आणि शेजारी कूपन, म्हणजे पोलादाचा छोटा नमुना, पुरून घनता प्रत्यक्ष मोजावी लागते.

तेव्हा आकडे मागायचेच तर कोणते, हे आधी ठरवा. ऑफ पोटेन्शियल (करंट तोडल्यावरचा आकडा), एसी व्होल्टेज, मातीचा रोध, हे तीन एकत्र. एकटा कुठलाही फसवतो.

शिळफाटा_नाका

जाहीर करायला माझा विरोध. या पट्ट्यात तेलचोरी नवी नाही. चोर नळीवर व्हॉल्व्ह वेल्ड करतात, चालू दाबातच आतून भोक पाडतात आणि होज लांब शेडपर्यंत पुरून नेतात. कुठे कोटिंग गेलंय, कुठे खोली कमी आहे, याची यादी संकेतस्थळावर टाकणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली.

खाडीपलीकडचा

चोराला खांब पुरतात, आणि ते कंपनीनेच लावलेत. तरी मान्य, नेमकी जागा देऊ नका. दहा-दहा किलोमीटरचे तुकडे करा, प्रत्येकात किती पोस्ट, किती निकषाबाहेर, दुरुस्त कधी केल्या, एवढंच द्या. अमेरिकेचं पाइपलाइन सुरक्षा खातं प्रत्येक मोठ्या अपघाताचं कारण आणि कंपन्यांवरची प्रत्येक कारवाई लोकांसमोर ठेवतं.

आणि चोरीचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं. कंट्रोल रूममधली गळतीशोधक प्रणाली साधारण एक टक्क्याच्या आतली गळती पकडेलच असं नाही. वाहिनीतून तासाला ५०० किलोलिटर जात असेल तर एक टक्का म्हणजे तासाला ५००० लिटर. चोवीस तासांत १२० किलोलिटर, बारा किलोलिटरचे दहा टँकर. तेवढं जाऊनही पडद्यावर लाल दिवा न लागणं शक्य आहे. मग ते सापडतं कोणाला? लाईन वॉकरला. तो कंत्राटी, आणि जीपीएसचा डबा सायकलवर बांधून दुसऱ्याला पाठवला तरी फेरी पूर्ण दिसते. नळीसोबतच्या ऑप्टिकल फायबरवरून खोदकामाचा कंप ओळखणारी यंत्रणा बऱ्याच ठिकाणी बसलीय, पण कडेने रात्रंदिवस ट्रक आणि पोकलेन चाललेले असताना तिचे इशारे किती जण गांभीर्याने घेतात, हा आकडासुद्धा मला हवाय. इशारे किती, प्रत्यक्ष जाऊन पाहिले किती.

मुरूम_माती

तारेखालचीताईंचे तीन रकाने मला मान्य, तुमचा दहा किलोमीटरचा तुकडाही. त्याला जोडून चौथा रकाना घाला: त्या तुकड्यात परवाने किती निघाले आणि चाचणी खड्डे किती झाले. त्याखाली महापालिकेच्या अभियंत्याची सही. नुसती कंपनीची सही असलेला तक्ता मी मान्य करणार नाही.

खड्डा_परवाना

सही होईल. चाचणी खड्ड्याचा दर निविदेत घाला, मग उद्यापासून.