वॉशरच्या टाकीत काळी बुरशी झालीय, वास केबिनमध्ये येतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गाडी पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. परवा गगनबावड्याला जाताना पुढच्या ट्रकनं काचेवर चिखल उडवला म्हणून वॉशर मारला तर एका जेटमधनं (पाणी उडवणाऱ्या तोटीतनं) बारीक धार, दुसरा बंदच, आणि पाण्याला इतका कुबट वास की आबांनी लगेच तोंडाला रुमाल लावला. घरी येऊन टाकीचं झाकण काढलं तर आतनं काळपट लिबलिबीत थर आणि पाण्यात कापसासारखे पुंजके तरंगतायत.

आबांना दमा आहे, पुढच्याच सीटवर बसतात, म्हणून मला जास्त काळजी. एसीची बाहेरची हवा वायपरखालच्या जाळीतनंच आत येते, त्यामुळं वॉशर मारला की वास थेट केबिनमध्ये. वाचलं तर कळलं की 2010 साली ब्रिटनच्या हेल्थ प्रोटेक्शन एजन्सीच्या अभ्यासात, वॉशरमध्ये स्क्रीनवॉश (काच धुवायचं तयार द्रावण) न घालता नुसतं पाणी वापरणाऱ्यांना लिजिओनेअर न्यूमोनियाचा धोका जास्त दिसला होता. हा न्यूमोनिया करणारा लिजिओनेला जंतू 20 ते 45 डिग्रीत वाढतो आणि फवाऱ्याच्या बारीक थेंबांतनं फुफ्फुसात जातो. आपल्याकडं बोनेटखाली बाराही महिने जवळपास तेवढंच तापमान असतंय! माझ्या टाकीत तोच आहे असं म्हणत नाही, पण आबा गाडीत असताना सध्या वॉशर मारतच नाही.

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी टाकीत ॲसिड ओतायला सांगितलं, ते मला अजिबात पटलं नाही, पंपाचं रबर आणि बोनेटचा रंग दोन्ही जातील. दुसरे म्हणाले बंपर काढून टाकीच नवीन घाला. मी ठरवलंय ते असं: चाकाच्या आतलं प्लास्टिकचं कव्हर सोडवायचं, पंप ग्रोमेटमधनं (टाकीच्या भोकातल्या रबरी रिंगेतनं) ओढून सगळं पाणी खाली सोडायचं, पंपाच्या तोंडाची जाळी ब्रशनं घासायची, मग पंप बसवून अर्धं व्हिनेगर अर्धं कोमट पाणी रात्रभर भरून ठेवायचं. ब्लीच वापरणार नाही, व्हिनेगरमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू होतो.

अडतंय ते मागच्या वायपरपाशी. टाकी एकच, पंपही एकच पण दोन तोंडांचा, आणि मागं जाणारी नळी छताच्या आतनं डिकीच्या दारापर्यंत गेलीय. तिच्यात घाण राहिली तर पुढचं कितीही साफ करा, मागचा वॉशर मारला की पुन्हा तेच. पुढून हवा मारली आणि छतात कुठं जोड सुटला तर सगळं पाणी हेडलायनरमध्ये (छताच्या आतल्या कापडी अस्तरात) उतरणार, ही भीती. कुणी ही नळी साफ केलीय का, पंपाकडनं हवा मारली की मागचा जेट काढून सिरिंजनं ओढून घेतलं?

आणि नंतर भरायचं काय? बोअरचं पाणी नको, क्षारानं जेट बंद पडतात. शाम्पू पण नको, फेसाचा थर राहतो आणि जंतूंना खाऊच मिळतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल घालणारे कुणी असाल तर प्रमाण सांगा, की तयार स्क्रीनवॉशच बरा? मिथेनॉलवाला मला नको, त्याची वाफ विषारी असते आणि घरात लहान पोरं आहेत.

रविवारी सकाळी काम काढणार आहे. राजारामपुरी किंवा शाहूपुरीत ग्रोमेट सुटा मिळतो का तेही कुणाला माहीत असेल तर सांगा, जुना ओढताना फाटला तर टाकी गळत बसेल.