आडवाटेचे अल्बम : ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुम्ही कुठे आणि कसे ऐकलेत?

चरईकर
मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका नव्या मुलाने विचारलं की काहीतरी वेगळं ऐकायचंय, काय ऐकू, आणि मी त्याला धडाधड दहा नावं पाठवली. त्याने एकही अल्बम पूर्ण ऐकला नाही. चूक माझी, नुसती नावं देऊन काही होत नाही. म्हणून हा धागा. प्रयोगाचं, आयत्या वेळी सुचत गेलेलं, कोणी फारसं न ऐकलेलं काहीही चालेल, पण कुठे ऐकलंत, आधी काय वाटलं आणि नवख्या माणसाने कुठून शिरावं ते लिहा.

माझ्यापासून सुरू करतो. अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवाला आल्बर्ट आयलर, त्याचा स्पिरिच्युअल युनिटी, 1964 चा. सॅक्सोफोन, बास, ड्रम्स, तिघंच जण, अर्धा तासही नाही. सकाळच्या दादर फास्टमध्ये लावला आणि मुलुंड जायच्या आत बंद केला, कारण सॅक्सोफोन किंचाळतोय असंच वाटत होतं आणि ड्रमर तर ठेकाच धरत नाही, नुसती झांजांची सरसर. दोन-तीन वर्षांनी एका रविवारी तलावपाळीला चक्कर मारताना परत लावला तेव्हा लक्षात आलं की यात घोस्ट्स नावाची चाल दोनदा आहे, सुरुवातीला आणि शेवटी, आणि ती इतकी साधी आहे की लग्नातला बँडवालासुद्धा सहज वाजवेल. आधी ती गुणगुणायला शिका. मग मधला गोंधळ गोंधळ राहत नाही, ख्यालात गवई कुठे कुठे फिरून मुखड्यावर आला की कसं बरं वाटतं, तसंच होतं.

पनवेलचा
माझा रस्ता मेटलमधून आला. कॉलेजात आम्ही चौघं सन नावाच्या अमेरिकन बँडच्या नादी लागलो होतो, त्यांच्या अल्बममध्ये गिटारचे लांबच लांब घुमणारे सूर, खिडकीची काच थरथरते. त्यातल्या स्टीफन ओमॅलीचं आयडिओलॉजिक ऑर्गन नावाचं लेबल आहे, तर एकदा त्या लेबलवर काय काय आहे ते बघत बसलो होतो, आणि मध्येच उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर! रुद्रवीणा. 1986 ला सिॲटलमध्ये वाजवलेले आभोगी आणि वर्धनी, रेकॉर्ड निघाली 2018 ला. मला रागातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तो खर्ज ऐकला आणि वाटलं अरे, हे तर आपलंच, आपण इतकी वर्षं ॲम्पचा आवाज वाढवून हेच शोधत होतो. त्यांनी वीणेचे भोपळे मोठे करून घेतले होते, तारा जाड, एक सूर छेडला की तो विरेपर्यंत वाट बघतात आणि त्या विरण्यातच पुढचा सूर खेचून काढतात.

मग त्यांच्याबद्दल वाचायला लागलो तर गुरुकुल कुठे, पलस्पे! आमच्या घरापासून बाईकवर थोडक्यात. मी त्या फाट्यावरून शेकडो वेळा गेलोय, वडापाव खाल्लाय, आणि माहीतच नाही. उस्ताद 1990 ला गेले, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. अजूनही तिकडून जाताना हेल्मेटच्या आत तो खर्ज वाजतो.
नवख्यांसाठी एवढंच की मोबाईलच्या स्पीकरवर अजिबात ऐकू नका, खर्ज ऐकूच येणार नाही आणि मग म्हणाल काहीच होत नाहीये.

चरईकर
@पनवेलचा, अंगावर काटा आला राव.

नेरुळ_सेक्रेटरी
मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. संगीताशी संबंध म्हणजे जुनी नाट्यगीतं. दोन वर्षांपूर्वी अंडरग्राउंड टाकी साफ करून घेत होतो, टाकी पूर्ण रिकामी, आणि आत उतरलेल्या पोराने वर असलेल्या जोडीदाराला हाक मारली. ती हाक किती वेळ आत फिरत राहिली! मी झाकणापाशी वाकून ऐकतच राहिलो. घरी मुलीला सांगितलं तर ती म्हणाली बाबा थांबा, तुम्हाला एक ऐकवते. पॉलिन ऑलिव्हेरोसबाईंचा डीप लिसनिंग. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एका जुन्या किल्ल्याखाली पाण्याची प्रचंड टाकी आहे, जमिनीखाली 14 फूट, तिच्यात 1988 ला या बाई ॲकॉर्डियन घेऊन उतरल्या, बरोबर एक ट्रॉम्बोनवाला आणि एक गाणारा. आत आवाज 45 सेकंद टिकतो. म्हणजे तुम्ही आत्ता वाजवलेला सूर पाऊण मिनिट तुमच्याबरोबर वाजत राहणार, त्यामुळे चुकीचा सूर लावून चालतच नाही, थांबून थांबून वाजवावं लागतं. ती टाकीच चौथी वाजवणारी झालीये.
आता मी रात्री झोपताना लावतो. बायकोला आधी आवडलं नव्हतं, ती म्हणायची देवळाच्या गाभाऱ्यात कोंडल्यासारखं वाटतं. मला तेच आवडतं.

घणसोली7
मी प्रामाणिकपणे लिहितो, मला यातलं बरंचसं जमत नाही. डेरेक बेली म्हणून एक इंग्लिश गिटारवाला आहे, आयत्या वेळी सुचेल ते वाजवणारा, त्याची गिटार तीनदा प्रयत्न करून सोडली. वेगळं आहे म्हणून चांगलंच असलं पाहिजे असं नाही ना?

चरईकर
@घणसोली7, तसं काही नसतंच, बरोबर आहे तुमचं. पण एकच विनंती, त्याचा बॅलड्स ऐका, 2002 चा. जुनी जॅझची गाणी आहेत, ओळखीच्या चालीने सुरू करतो आणि हळूहळू ती चाल हातातून सोडून देतो. तो सोडतो तो क्षण पकडा. तरीही नाही आवडलं तर सोडून द्या, मी परत नाव काढणार नाही.

साउंडवाला_कळवा
आमचा साउंडचा धंदा आहे. गणपतीच्या आधी गोडाऊनमध्ये टॉप-बेसचे स्पीकर चेक करताना मी चरणजित सिंग यांचा टेन रागाज टू अ डिस्को बीट लावतो. 1982 चं रेकॉर्डिंग. हे हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे म्युझिशियन, त्यांनी रोलंड कंपनीची टीबी-303 (बेसचं) आणि टीआर-808 (ड्रमचं) ही दोन मशीन आणि ज्युपिटर-8 सिंथ घेऊन दहा राग वाजवले. तेव्हा कोणी घेतलं नाही. शिकागोमध्ये ॲसिड हाऊस नावाचं डान्स म्युझिक पुढे 1987 च्या आसपास त्याच 303 वर उभं राहिलं, आणि ही रेकॉर्ड 2010 ला परत निघाली तेव्हा जगभरचे डीजे चक्रावले की हे मुंबईत आधीच झालं होतं. चरणजितजी 2015 ला गेले.
आमचे पप्पा भजनी मंडळात पेटी वाजवतात. डीजेचा आवाज म्हटलं की कानावर हात. त्यादिवशी डबा द्यायला आले होते, शटरपाशी उभे राहिले आणि म्हणाले, हा मालकंस आहे. पूर्ण ट्रॅक संपेपर्यंत उभे. डबा हातातच.

घोडबंदर_आई
लेक दोन महिन्यांची असताना रात्री तीनला तिला मांडीवर घेऊन बसायचे, खाली हायवेवर ट्रक. तेव्हा लावायचे जपानच्या मिदोरी ताकादाचा थ्रू द लुकिंग ग्लास, 1983 चा. मरिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य), घंटा, पक्ष्यांसारखे आवाज, जवळपास सगळं तिने एकटीने वाजवलंय, दोन दिवसांत. पहिला ट्रॅक लावा, दुसरं काही सांगायला नकोच.

कोपरी_पूर्व
मी आईबद्दल लिहिते. आईकडे शोभा गुर्टूंच्या ठुमरी-दादऱ्याच्या कॅसेटी होत्या, त्यातली एक इतकी घासली की मधला भाग गेलाच. मी मागच्या दिवाळीत घरी उस्फ्रेट लावला होता, तालवादक त्रिलोक गुर्टूंचा, 1988 चा, जर्मनीच्या लेबलवर निघालेला. त्यात राल्फ टाउनरची गिटार, एल. शंकरचं व्हायोलिन, डॉन चेरीचा ट्रम्पेट, आणि ताल असे की मोजायला गेलं की हरवतो. आई मेथी निवडत बसली होती, म्हणाली हे काय धडाडधूम लावलंयस. आणि मग गाणं सुरू झालं. दोन सुरांत आईचा हात थांबला.
"अगं, या शोभाताई!"
म्हटलं हो.
"या इथे काय करतायत?"
म्हटलं, आई, वाजवणारा त्यांचा मुलगा आहे.
ती काही बोलली नाही, मेथी बाजूला सारली, पदराला हात पुसले आणि स्पीकरच्या जवळ येऊन बसली. संपल्यावर म्हणाली, मघाशी मी बोलत होते, पहिल्यापासून लाव.