मे महिन्यापेक्षा जुलैत धावताना अधिक उकडते, असे का?

फिरस्ता (वडोदरा): मी रोज पहाटे कमाटीबागेत धावतो. मे महिन्यात धावणे निभते. परंतु जुलैत पारा उतरलेला असूनही अंग घामाने निथळते आणि जीव कासावीस होतो. स्वस्थ बसल्यावर मात्र तेवढा त्रास होत नाही. याचे कारण काय असावे?

जिज्ञासू: विश्रांतीच्या वेळी शरीरात साधारण 100 वॅट उष्णता निर्माण होते व ती त्वचेवाटे सहज बाहेर पडते. धावताना स्नायू वापरत असलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम 20 ते 25 टक्के हालचालीत खर्ची पडते आणि उरलेल्या सगळ्या ऊर्जेची उष्णता होते. मग मेंदूतील हायपोथॅलॅमसच्या आदेशानुसार त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घर्मग्रंथी कामाला लागतात.

सावलीप्रेमी: वरील उत्तरात एक भर घालतो. गारवा घामाने नव्हे, तर त्याच्या बाष्पीभवनाने मिळतो: 1 ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे 580 कॅलरी उष्णता शोषली जाते, पण निथळून खाली पडलेला घाम (आपला बहुतेक तोच असणार) जवळपास वायाच जातो. पावसाळ्यात हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्यामुळे हे बाष्पीभवन मंदावते.

जिज्ञासू: बरोबर. शिवाय स्नायू आणि त्वचा या दोहोंना रक्त पुरवताना हृदयाची गती वाढते; म्हणून जुलैत वेग कमी ठेवावा. चक्कर आल्यास किंवा बोलण्यात गोंधळ जाणवल्यास तत्काळ थांबून अंग ओले करावे आणि डॉक्टरांना गाठावे.