'मिसेशिमे' आणि 'केत्सुवारी' यांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: जपानमधल्या जुन्या कोळसाखाणींवरचा मजकूर मराठीत आणतोय. 'मिसेशिमे'ला तूर्त 'कठोर शिक्षा' लिहिलंय, पण फिकं वाटतं. सोबत 'केत्सुवारी'ही आहे. काही सुचतंय का?

उत्तर: 'कठोर शिक्षा' नकोच. 'मिसेरु' म्हणजे दाखवणे. ही शिक्षा बघणाऱ्यांसाठी असते. १८८८ साली 'निहोन्जिन' या नियतकालिकात नागासाकीजवळच्या ताकाशिमा खाणीची हकिकत छापून आली होती. पळताना सापडलेल्याचे हात पाठीमागे बांधायचे, त्याला तुळईला टांगायचं, पाय जमिनीपासून जेमतेम सुटतील इतपतच, आणि मग मारायचं. बाकीच्या खाणकामगारांना ते बघायला लावत. 'धिंड' इथे बसत नाही, तिच्यात फजितीवर भर असतो. मला 'जरब' जवळचा वाटतो: 'जरब बसावी म्हणून दिलेली शिक्षा'. लांबट आहे खरं, पण नेमकं.

उत्तर: 'केत्सुवारी' म्हणजे खाणीतून पळून जाणं. 'केत्सु' म्हणजे कुल्ले, 'वारु' म्हणजे दुभंगणे. 'केत्सु वारु' म्हणजे काम अर्ध्यावर टाकणं. शब्द चांगलाच गावरान आहे, तेव्हा 'पलायन' फार सोवळं होईल. 'पोबारा' चालेल, फक्त त्यात पळणाराच लबाड ठरतो. ती मालकाची नजर झाली. दक्षिण जपानमधल्या क्यूशू बेटावर 'नाया' पद्धत होती. 'नायागाशिरा' माणसं जमवायचा, आगाऊ पैसे द्यायचा, राहायला चाळ द्यायचा आणि मजुरीतून आपला वाटा कापायचा. कर्ज फिटेना की माणूस रात्री निघायचा. नायागाशिराला सरळ 'मुकादम' म्हणा आणि आगाऊ पैशांना 'उचल'. ऊसतोडीमुळे हे शब्द आपल्याकडे कुणाला समजावावे लागत नाहीत.

प्रश्नकर्ता: 'मुकादम' आणि 'उचल' घेतले. पळण्याला 'पळ काढणं' ठेवतो. यामामोतो साकुबेई (१८९२–१९८४) यांच्या चित्रांचाही उल्लेख येतोय. ते स्वतः क्यूशूतल्या चिकुहो या कोळसापट्ट्यातले खाणकामगार. साठी उलटल्यावर चित्रं काढू लागले, कडेला हाताने मजकूर लिहीत. २०११ मध्ये ती युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' नोंदवहीत गेली, जपानची पहिलीच नोंद. त्यांतही टांगून मारण्याची दृश्यं आहेत. आता 'ताकोबेया' उरला.

उत्तर: तो उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचा, मजुरांना डांबून ठेवायच्या बराकीसाठीचा शब्द. शब्दशः 'ऑक्टोपसची खोली'. एक व्युत्पत्ती अशी की त्याला पकडायला ठेवलेल्या मडक्यात शिरलेल्या ऑक्टोपससारखं आत गेलं की सुटका नाही. दुसरी, ऑक्टोपस स्वतःचेच पाय खातो, तसं स्वतःचं शरीर विकून जगणं. 'कोंडवाडा' करून टाका. ऑक्टोपस हवाच असेल तर तळटीप द्या.