मदत हवी आहे: शिक्षा झालेल्या धर्मगुरूवर चर्चने काय कारवाई केली, हे लेखी कोण सांगेल?

डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या विशेष पोक्सो न्यायालयाने एका कॅथलिक धर्मगुरूला अल्पवयीन मुलावरच्या अत्याचाराबद्दल जन्मठेप दिली. कोर्टाचं बातम्यांतून कळलं. चर्चने स्वतः काय केलं, हे आम्हा वसईतल्या काही धर्मग्रामवासीयांना (पॅरिशच्या सदस्यांना) हवंय. नुसतं सेवेतून बाजूला केलं, की धर्मगुरुपदच काढून घेतलं? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

केरळच्या कोट्टियूर प्रकरणात २०१९ मध्ये अशाच गुन्ह्यासाठी एका धर्मगुरूला शिक्षा झाली आणि पोपनी त्या धर्मगुरूचं पद कायमचं काढल्याचं २०२० मध्ये जाहीरही झालं. म्हणजे सांगता येतं!

आमच्या फादरांना विचारलं, तर "ते रोमच्या हातात." गुप्ततेचं कारण कृपया देऊ नका; अशा प्रकरणांतली 'पोन्टिफिकल' (पोपच्या अधिकारातली कडक) गुप्तता पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१९ मध्येच उठवली. 'व्होस एस्तिस लुक्स मुंदी' (अशा अत्याचारांबद्दलचा पोपचा कायदा) वाचलं, पण त्याचा भर तक्रार कशी करायची आणि बिशपांची चौकशी कशी व्हावी यावर आहे. माहिती अधिकाराचा अर्ज सुचवू नका, धर्मप्रांत (बिशपांच्या हाताखालचा चर्चचा विभाग) काही सरकारी कार्यालय नाही. पीडित मुलाची ओळख किंवा त्याच्या कुटुंबाशी संपर्क, यातलं काहीही नकोय.

कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा स्वतःचा कायदा, शिकलेलं इथे कोणी आहे का? आमच्यासारख्या, फिर्यादी नसलेल्या प्रापंचिकांना (धर्मगुरू नसलेल्या साध्या कॅथलिकांना) हा निर्णय विचारण्याचा हक्क आहे का? आणि पत्र आधी कोणाला लिहावं: मुंबईच्या आर्चबिशपांना, दिल्लीतल्या पोपच्या राजदूतांना, की अशी प्रकरणं हाताळणाऱ्या रोमच्या श्रद्धासिद्धांत विभागाला थेट?