दादाचं बोलणं दादाचं राहिलेलं नाही. याला 'ब्रेनवॉश'च म्हणायचं का?

वहीवाली

माझा दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. बंद पडलेला रेडिओ उघडून सोल्डरिंग करायला मला त्यानेच शिकवलं. घरात कुणीही काहीही ठामपणे सांगितलं की "कशावरून?" विचारणारा एकटा तोच.

गेली दोन वर्षं तो एका नेत्याच्या समर्थकांच्या ग्रुपमध्ये आहे. कुठला नेता, कुठला पक्ष हे मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा तिकडेच वाहत जाईल. त्याच्या मतांची मला अडचण नाही. आमची मतं पूर्वीही जुळायची नाहीत, रात्र रात्र भांडायचो. आता भांडणच होत नाही, कारण समोर तो नसतोच. मागच्या महिन्यात त्याने फोनवर आलेला एक निरोप आम्हाला वाचून दाखवला. तासाभराने फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला होता, तेव्हा तीच वाक्यं तो तोंडाने बोलला. त्याच क्रमाने, तिथेच थांबत, शेवटी "विचार करा, विचार करा" असं दोनदा. माझा मुलगा अभ्यास करत बसला होता, त्याने मान वर करून मामाकडे पाहिलं. मी म्हटलं, "कशावरून, दादा?" तर म्हणाला, "तुझ्याही डोक्यात त्यांनी भरवून ठेवलंय."

मला हे इतकं लागण्याचं कारण सांगते. एका नोकरीत तीन वर्षं माझ्यावर असाच प्रयोग झाला. वरिष्ठ बाई एक सांगायच्या आणि दुसऱ्या दिवशी "मी असं म्हटलंच नव्हतं, हल्ली तुझ्या लक्षात राहत नाही" म्हणायच्या. तेही अगदी मायेने, खांद्यावर हात ठेवून. शेवटी मी एक वही लिहायला घेतली. मंगळवार, सव्वाअकरा, "अहवाल शुक्रवारी दिलास तरी चालेल." बुधवारी सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली की अहवाल कालच हवा होता. जागेवर येऊन वही उघडली. माझंच अक्षर, माझीच निळी शाई. तरीही मनात पहिल्यांदा काय आलं? की मीच चुकीचं लिहून घेतलं असणार.

म्हणून मी दादाला मूर्ख म्हणू शकत नाही. पण हे घडतं कसं? राजकारणातलं आणि माझ्या नोकरीतलं एकच आहे का? आणि त्याला परत कसं आणायचं? पुरावे दाखवून झालेत. दर वेळी तो आणखी लांब जातो.

सांजवात

वहीवाली, मी बरीच वर्षं मानसशास्त्र शिकवते. आधी 'ब्रेनवॉश' हा शब्द बाजूला ठेवू या, कारण त्याने नजर चुकीच्या जागी जाते. एडवर्ड हंटर या अमेरिकन पत्रकाराने १९५० मध्ये तो इंग्रजीत रूढ केला. नंतर कोरियन युद्ध संपलं तेव्हा २१ अमेरिकन युद्धकैद्यांनी मायदेशी परतायला नकार दिला आणि लोकांना वाटलं, शत्रूकडे मेंदू धुवायचं यंत्रच आहे. सीआयएने तर १९५३ मध्ये 'एमके-अल्ट्रा' नावाचा गुप्त कार्यक्रम काढला. माणसांना न सांगता एलएसडी हे भ्रम निर्माण करणारं रसायन दिलं, संमोहन करून पाहिलं, आयुष्यं उद्ध्वस्त केली. १९७३ मध्ये त्याची बहुतेक कागदपत्रं नष्ट करण्यात आली. माणूस हुकमी चालवायची कळ मात्र त्यांना कधीच सापडली नाही.

कोरियन युद्धातल्या या कैद्यांना ठेवलं होतं त्या चिनी छावण्यांत खरोखर काय चालायचं, ते मानसशास्त्रज्ञ एडगर शाइन यांनी सुटून आलेल्या कैद्यांशी बोलून नोंदवलं. मारहाण आणि उपासमार होतीच, पण जास्त खोल रुतलं ते वेगळंच. कैद्यांना निबंध लिहायला लावायचे. सुरुवात अशा वाक्यांनी, की ज्यांना कुणीही मान डोलवेल. मग ते जरा वाढवून लिही, मग सगळ्यांसमोर वाचून दाखव. बक्षीस अगदी किरकोळ. तेच महत्त्वाचं आहे. मोठं बक्षीस असतं तर "बक्षिसासाठी लिहिलं" असं मनाला सांगता आलं असतं. १९५९ मध्ये फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी हेच प्रयोगात दाखवलं. एक कंटाळवाणं काम करून झाल्यावर, ते मजेचं आहे असं पुढच्या माणसाला खोटं सांगायचं होतं. काहींना त्याचे २० डॉलर दिले, काहींना १. नंतर त्यांना खरं मत विचारलं, तर ते काम जास्त आवडल्याचं एक डॉलरवाल्यांनी सांगितलं. वीसवाल्यांकडे खोटं बोलायला कारण होतं. एकवाल्यांकडे नव्हतं, म्हणून त्यांनी आपलं मतच बदलून घेतलं.

तुमचे दादा निरोप वाचून दाखवतात ना? हाच तो निबंध. ऐकलेलं सुटून जातं. स्वतःच्या आवाजात चार माणसांत म्हटलेलं आपलं होतं, आणि मग त्याच्यावर आलेला पुरावा आपल्यावर आलेला वाटतो.

तुमच्या नोकरीतलं मला जास्त क्रूर वाटतं. तिथे तुमचं मत बदलायचा प्रयत्नही नव्हता. तुमच्या आठवणीवरचा तुमचाच विश्वास काढून घेतला. पण दोन्हीकडे मुळाशी एक गोष्ट आहे: ज्याच्याशी ताडून पाहावं असं दुसरं माणूस उरू द्यायचं नाही. तुमच्याजवळ वही होती, पण "हो, मीही ऐकलं, शुक्रवारच म्हणाल्या" असं म्हणणारं कुणी नव्हतं.

प्रतिपक्ष

एक शंका, रागावू नका. मला न पटणारी माणसं 'भारली गेलीत' आणि मला पटणारी 'जागरूक' आहेत, असं प्रत्येकच बाजू म्हणते. दादाही तुमच्याबद्दल तेच म्हणाले. तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये शेवटचे दहा निरोप तुम्ही कशावरून खरे मानलेत?

बाकी हल्ली सगळा दोष मोबाइलवर टाकतात, तेही पटत नाही. केंब्रिज ॲनालिटिका या निवडणूक-प्रचाराचा सल्ला देणाऱ्या कंपनीचं प्रकरण २०१८ मध्ये उघड झालं. फेसबुकच्याच आकड्यानुसार ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती तिकडे गेली असावी. ती लबाडीच होती. पण त्या माहितीने मनं फिरवून निवडणूक जिंकली हे सिद्ध झालेलं नाही. ते ओरडून सांगत होती ती कंपनीच, कारण तोच तिचा माल. १९५७ मध्ये जेम्स व्हिकेरी यांनीही असाच दावा केला होता, की चित्रपटाच्या पडद्यावर क्षणभर शब्द झळकवून विक्री वाढवली. पाच वर्षांनी त्यांनीच कबूल केलं की त्यात दम नव्हता.

परतलेला

मी दादांच्या जागी होतो. चार वर्षं. कोणाच्या मागे होतो ते मीही सांगत नाही.

मला कुणी ओढून नेलं नाही. वडील गेले होते, रात्री झोप यायची नाही, आणि रात्री दोनलाही त्या ग्रुपमध्ये कुणीतरी जागं असायचं. "दादा, जेवलात का?" असं विचारायचे. ते खोटं नव्हतं, त्यांना खरंच काळजी होती. पहिलं काम दिलं ते प्रोफाइलला एक चिन्ह लावायचं. मग एक मजकूर पुढे पाठवायचा. मग माझ्या मावसभावाने विरोधात काही लिहिलं, तर त्याला जाहीर उत्तर द्यायचं. ते मी दिलं. त्या रात्री ग्रुपमध्ये माझं जे कौतुक झालं, तसं घरात कधीच झालं नव्हतं. त्यानंतर मागे फिरणं म्हणजे मावसभावाशी उगाच वाकडं घेतलं हे मान्य करणं होतं. पुरावे मला दिसत होते हो. पण त्यांची किंमत फार होती.

बाहेर कसा आलो? माझा एक जुना मित्र दर रविवारी फोन करायचा. चार वर्षांत एकदाही वाद घातला नाही. मी सुरू झालो की ऐकून घ्यायचा, आणि मी दम घेतला की विचारायचा, "गुडघा काय म्हणतोय?" सुरुवातीला चीड यायची. नंतर ग्रुपमधल्याच एका माणसाला एका साध्या प्रश्नावरून हाकलून दिलं आणि माझ्या पोटात गोळा आला. तेव्हा फोन करावा असा एकच नंबर आठवला. तो "मी सांगत नव्हतो?" असं म्हणाला असता तर मी परत ग्रुपमध्ये गेलो असतो.

सांजवात

परतलेला, तुम्ही हे लिहिलंत, फार मोठं काम केलंत. ते चिन्ह वाचून १९६६ चा फ्रीडमन आणि फ्रेझर यांचा प्रयोग आठवला. अंगणात एक मोठा, बेढब फलक लावू द्याल का, असं कॅलिफोर्नियात घरोघरी विचारलं, तर जेमतेम १७ टक्के तयार झाले. ज्यांनी दोन आठवडे आधी सुरक्षित वाहनचालनाची छोटी पट्टी लावायला होकार दिला होता, त्यांच्यातले ७६ टक्के तयार झाले.

आणि तुमच्या मित्राबद्दल. सॉलोमन ॲश यांनी १९५१ मध्ये रेषांची लांबी ओळखायचा साधा प्रयोग केला. खोलीतले बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत. पुढच्या काळात त्यांनी तो अनेक प्रकारे करून पाहिला. सुमारे एक तृतीयांश उत्तरांत माणसं डोळ्यांना दिसणारं सोडून गटामागे गेली. खोलीत फक्त एक माणूस खरं बोलणारा ठेवला की हे प्रमाण आधीच्या जवळपास चौथाईवर आलं. पण तोच सोबती मध्येच पलटून गटाला मिळाला की चुका पुन्हा वाढल्या. वहीवाली, तुम्ही चिडून बोलणं सोडलंत, तर दादांच्या खोलीतला तो सोबती गेला.

प्रतिपक्ष यांची शंकाही रास्त आहे. पुन्हा पुन्हा कानावर पडलेलं विधान जास्त खरं वाटतं, हे १९७७ पासून प्रयोगांत दिसत आलंय. खरं उत्तर आधीपासून माहीत असणारेही त्यातून सुटत नाहीत. मीही नाही.

वहीवाली

सगळ्यांचं वाचलं, दोन दिवस काही लिहवलं नाही.

प्रतिपक्ष, मी खरंच दहा निरोप मोजले. त्यातले तीन मी पुढे पाठवले होते, आणि एकाचाही मूळ स्रोत उघडून पाहिला नव्हता. एक तर सरळ खोटा निघाला. ज्यांना पाठवला होता त्या सगळ्यांना तसं कळवलं. दादालाही. त्याने नुसता अंगठा पाठवला.

परतलेला, वहिनी गेल्यापासून दादा रात्री जागा असतो, हे मला माहीत होतं. त्याचा आणि याचा संबंध मी लावलाच नव्हता.

काल फोन केला. आमच्या जुन्या रेडिओची खरखर कशाने येत असेल, एवढंच विचारलं. वीस मिनिटं बोलला. आवाजाचं बटण फिरवताना येते की एरवीही, बटणात धूळ बसली असेल, नाहीतर कपॅसिटर गेला असेल, पण उघडून बघितल्याशिवाय कशावरून सांगू, असं म्हणाला. मग एकदम ते वाक्य आलं, "विचार करा"सकट. मी गप्प राहिले. तोही थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "रविवारी घेऊन ये तो. सोल्डरिंग गन तुझ्याकडेच आहे ना?"